मोंढ्यातील संगणकांवर लिनक्स प्रोग्राम बसवताना : लायब्ररी आणि प्लग-इन सोबत देण्याची रीत

लातूर, उदगीर, वसमत किंवा जालन्याच्या मोंढ्यातील आडत दुकानांसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते, ती म्हणजे दोन दुकानांतील लिनक्स सहसा सारखे नसते. एका दुकानात उबुंटू २०.०४ अजून चालू असते, शेजारी कोणीतरी २४.०४ बसवून दिलेले असते, तर एखाद्या कार्यालयात सी-डॅकचे, डेबियनवर आधारलेले बॉस लिनक्स असते. सोयाबीनची आवक जोरात असताना दुकानदाराला 'आधी ही चार पॅकेजेस टाका' असे फोनवर सांगणे व्यवहार्य नाही, आणि इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असेल तर तेही शक्य होत नाही. त्यामुळे प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्ररी (तयार कोडचे सामायिक संच) आणि प्लग-इन (गरजेनुसार जोडले जाणारे भाग) त्याच्यासोबतच एका फोल्डरमध्ये देणे, हाच मार्ग उरतो.

या लेखात उदाहरणासाठी 'पट्टी' नावाचा एक कल्पित प्रोग्राम घेतला आहे. तो सी प्लस प्लस आणि क्यूटी ५ (खिडक्या, बटणे बनवण्यासाठीचा लायब्ररींचा संच) मध्ये लिहिलेला असून इलेक्ट्रॉनिक काट्यावरून वजन घेतो, हमाली, तोलाई आणि आडत वजा करतो आणि शेतकऱ्याला द्यायची पट्टी छापतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या काट्यांसाठी त्यात वेगवेगळी प्लग-इन आहेत. क्यूटी ६ वापरणाऱ्यांनाही पायऱ्या याच लागू पडतात. फरक असेल तिथे तसे सांगितले आहे. आज्ञा आणि फाइलींची नावे येथे देवनागरीत लिहिली आहेत, टर्मिनलवर ती नेहमीप्रमाणे रोमन अक्षरांतच टाइप करावीत.

लोडर लायब्ररी कुठे शोधतो

प्रोग्राम सुरू होताना कर्नल (लिनक्सचा गाभा) आधी डायनॅमिक लोडरला, म्हणजे लायब्ररी शोधून भरणाऱ्या प्रोग्रामला, बोलावतो आणि लोडर प्रत्येक लायब्ररी एका ठरलेल्या क्रमाने शोधतो. आरपाथ आणि रनपाथ म्हणजे लायब्ररी कुठे शोधायच्या याची फाइलमध्येच लिहिलेली यादी. फाइलमध्ये जुन्या पद्धतीचा आरपाथ असेल आणि रनपाथ नसेल, तर आरपाथमधील जागा सर्वांत आधी पाहिल्या जातात. त्यानंतर एलडी_लायब्ररी_पाथ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, त्यानंतर रनपाथ, त्यानंतर एलडीकॉन्फिगने तयार केलेली कॅश (लायब्ररींच्या जागांची तयार नोंद) आणि शेवटी लिब व यूएसआर-लिब ही नेहमीची स्थाने येतात.

या क्रमातील एक बारकावा बहुतेक अडचणींच्या मुळाशी असतो. आरपाथ हा प्रोग्रामने ओढलेल्या लायब्ररींच्या पुढच्या लायब्ररींनाही लागू होतो, रनपाथ मात्र ज्या फाइलमध्ये लिहिला आहे त्या फाइलच्या थेट गरजांपुरताच चालतो. म्हणजे 'पट्टी'च्या रनपाथमुळे क्यूटी-कोर सापडेल, पण क्यूटी-कोरला लागणारी आयसीयू ही भाषा-लिपी हाताळणारी लायब्ररी सापडण्यासाठी क्यूटी-कोरच्या स्वतःच्या फाइलमध्ये रनपाथ असावा लागतो. आज बहुतेक वितरणांचा (उबुंटू, डेबियन यांसारख्या लिनक्सच्या प्रकारांचा) लिंकर, म्हणजे शेवटी फाइल जोडून तयार करणारे साधन, न सांगता रनपाथच लिहितो. त्यामुळे मूळ प्रोग्रामला रनपाथ देऊन काम संपत नाही, सोबत दिलेल्या प्रत्येक लायब्ररीला आणि प्रत्येक प्लग-इनला तो द्यावा लागतो.

जुन्या मशीनवर बिल्ड करावे

सी लायब्ररी, म्हणजे ग्लिबसी, मागच्या आवृत्त्यांशी सुसंगत राहते, पुढच्यांशी नाही. उबुंटू २०.०४ मध्ये ग्लिबसी २.३१ आहे, २२.०४ मध्ये २.३५, २४.०४ मध्ये २.३९, तर डेबियन १२ मध्ये २.३६. त्यामुळे २४.०४ वर बिल्ड केलेला, म्हणजे कोडमधून तयार केलेला, प्रोग्राम २०.०४ वर बहुधा सुरूच होणार नाही, उलट बाजूने मात्र सहसा काही अडत नाही. ग्राहकांकडे असलेल्या वितरणांपैकी सर्वांत जुने निवडून त्याच्याच कंटेनरमध्ये (संगणकातच चालणाऱ्या वेगळ्या, बंदिस्त लिनक्समध्ये) बिल्ड करावे. उबुंटू २०.०४ चा सर्वसाधारण आधार २०२५ मध्ये संपला असला, तरी मोंढ्यातील संगणक त्यामुळे बदलले जात नाहीत. बिल्डसाठी जुने वितरण वापरणे आणि ते रोजच्या कामाला इंटरनेटवर उघडे ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बिल्ड झाल्यावर 'ऑब्जडंप' आज्ञेला कॅपिटल टी हा पर्याय देऊन त्यातील ग्लिबसी असा उल्लेख असलेल्या ओळी गाळून पाहाव्यात आणि सर्वांत मोठा आवृत्ती क्रमांक कोणता, हे नोंदवून ठेवावे. हीच तपासणी सोबत द्यायच्या प्रत्येक लायब्ररीवर करावी, कारण काट्याच्या कंपनीने दिलेली एखादी तयार लायब्ररी नव्या मशीनवर बनलेली असू शकते आणि आपण कितीही जुने वितरण निवडले तरी ती एकटीच सगळे अडवते.

ग्लिबसी स्वतः मात्र सोबत देऊ नये. ती आणि लोडर एकमेकांना बांधलेले असतात. प्रणालीचा लोडर आणि आपली सी लायब्ररी अशी जोडी जमवली तर प्रोग्राम कोसळतो.

फोल्डरची मांडणी

मुख्य फोल्डरमध्ये 'बिन', 'लिब' आणि 'प्लगइन्स' असे तीन उपफोल्डर शेजारी शेजारी ठेवावेत. प्रोग्राम 'बिन'मध्ये, सर्व लायब्ररी सपाटपणे 'लिब'मध्ये आणि क्यूटीची प्लग-इन त्यांच्या मूळ उपफोल्डरांसह 'प्लगइन्स'मध्ये असावीत. क्यूटीच्या अधिकृत संकलनातील प्लग-इनमध्ये 'दोन पायऱ्या वर जाऊन लिब' असा रनपाथ आधीच लिहिलेला असतो आणि ही मांडणी त्याला तंतोतंत जुळते. वितरणाच्या भांडारातून घेतलेल्या क्यूटीमध्ये सहसा रनपाथ नसतो, तो आपल्याला भरावा लागतो.

कोणत्या लायब्ररी घ्याव्यात आणि कोणत्या सोडाव्यात

प्रोग्रामवर 'एलडीडी' चालवल्यास सर्व लायब्ररींची यादी मिळते. मात्र ही आज्ञा लोडरलाच कामाला लावत असल्याने अनोळखी ठिकाणाहून आलेल्या फाइलीवर ती चालवू नये; तिथे 'रीडएल्फ' आज्ञेला स्मॉल डी देऊन 'नीडेड' असे लिहिलेल्या ओळी वाचाव्यात. या ओळी फक्त थेट गरजा दाखवतात, तर एलडीडी गरजांच्या गरजाही दाखवते.

यादीतील सगळेच उचलून लिबमध्ये टाकण्याचा मोह टाळावा. क्यूटीच्या लायब्ररी, आयसीयू, प्रोग्रामच्या स्वतःच्या लायब्ररी आणि काट्यांच्या कंपन्यांनी दिलेल्या लायब्ररी सोबत द्याव्यात. आयसीयूची डेटा फाइल एकटीच २५ एमबीच्या आसपास असते. ती जड वाटली तरी क्यूटी आयसीयूसह बनलेले असेल तर ती वगळता येत नाही. याउलट लिबजीएल, लिबडीआरएम, एक्स११ च्या मूळ लायब्ररी, फॉन्टकॉन्फिग आणि फ्रीटाइप या प्रणालीवरच सोडाव्यात. ग्राफिक्सच्या लायब्ररी त्या मशीनच्या ड्रायव्हरशी जुळलेल्या असतात, आणि आपली जुनी फॉन्टकॉन्फिग प्रणालीच्या नव्या सेटिंग फाइली वाचताना तक्रारी करू लागते.

सी प्लस प्लसची लिबस्टडीसी++ ही यातील सर्वांत फसवी लायब्ररी आहे. ती सोबत दिली की सुरक्षित, असे वाटते. पण नव्या मशीनवर ओपनजीएल (ग्राफिक्स) सुरू करताना मेसा या ग्राफिक्स लायब्ररीचा ड्रायव्हर त्याच प्रोसेसमध्ये शिरतो आणि त्याला प्रणालीची नवी लिबस्टडीसी++ हवी असते. तोवर आपली जुनी प्रत आधीच लोड झालेली असल्याने ड्रायव्हर लोड होत नाही आणि संदेश स्वरास्ट नावाच्या ड्रायव्हरबद्दल काहीतरी सांगतो, ज्यावरून खरे कारण ओळखणे कठीण जाते. जुन्या वितरणाच्या मूळ कंपायलरने बिल्ड केले असेल तर ही लायब्ररी सोबत देण्याची गरजच पडत नाही. नवा कंपायलर वापरणे भागच असेल, तर सुरू करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये दोन्ही प्रतींच्या आवृत्त्या ताडून जी नवी असेल ती निवडावी.

लायब्ररींची प्रत घेताना नावाकडे लक्ष द्यावे. लोडर 'लिबक्यूटी५कोर डॉट एसओ डॉट ५' असे छोटे नाव शोधतो, प्रत्यक्ष फाइलीचे नाव मात्र लांब असते आणि छोटे नाव ही फक्त सिमलिंक, म्हणजे खऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारी नोंद, असते. 'सीपी' आज्ञेला कॅपिटल एल देऊन छोट्या नावानेच खरी फाइल लिबमध्ये उतरवली, तर सिमलिंकची भानगडच राहत नाही.

रनपाथ भरणे

रनपाथमध्ये डॉलरचे चिन्ह आणि त्यापुढे कॅपिटल अक्षरांत 'ओरिजिन' असे लिहिले की लोडर त्या जागी ती फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तो फोल्डर धरतो. प्रोग्रामसाठी 'ओरिजिनच्या एक पायरी वर, लिब', लिबमधील लायब्ररींसाठी नुसते 'ओरिजिन' आणि प्लगइन्सच्या उपफोल्डरांतील फाइलींसाठी 'ओरिजिनच्या दोन पायऱ्या वर, लिब' असे तीन प्रकार पुरतात. शेलमध्ये हे एकेरी अवतरणांत लिहावे, नाहीतर शेल त्या डॉलरला स्वतःचा व्हेरिएबल समजून रिकामे करतो. मेकफाइलमध्ये डॉलर दोनदा लिहावा लागतो.

आधीच बिल्ड झालेल्या फाइलींसाठी 'पॅचएल्फ' हे साधन आहे. 'सेट-आरपाथ' या पर्यायाने ते रनपाथ लिहिते आणि 'प्रिंट-आरपाथ'ने लिहिलेले दाखवते. 'स्ट्रिप' (फाइलीतील जादा माहिती काढून टाकणे) करायचे असेल तर ते पॅचएल्फच्या आधी करावे, कारण पॅचएल्फने फेरफार केलेल्या फाइलीवर नंतर स्ट्रिप चालवल्याने फाइल बिघडल्याची उदाहरणे आहेत.

एलडी_लायब्ररी_पाथ भरणारी छोटी स्क्रिप्ट लिहून हे सारे टाळता येते, हे खरे आहे आणि अनेकजण तसेच करतात. माझे मत त्याच्या विरुद्ध आहे. हा व्हेरिएबल प्रोग्रामने सुरू केलेल्या प्रत्येक दुसऱ्या प्रोग्रामलाही मिळतो. 'पट्टी'तून पीडीएफ उघडण्याचे बटण दाबले की प्रणालीचा पीडीएफ दर्शक आपल्या जुन्या लायब्ररींसह सुरू होण्याचा प्रयत्न करतो आणि मधेच मरतो. दोष मात्र पीडीएफवर ढकलला जातो.

प्लग-इन : यादीत न दिसणारा अर्धा भाग

एलडीडीची यादी पूर्ण झाली म्हणजे प्रोग्राम पूर्ण झाला, हा समज प्लग-इनपाशी मोडतो. प्लग-इन प्रोग्राम चालू असताना डीएलओपन या हाकेने उघडले जाते, त्यामुळे प्रोग्रामच्या फाइलीत त्याचा उल्लेख नसतो आणि कोणतीही यादी ते दाखवत नाही. म्हणून प्रत्येक प्लग-इन हा जणू वेगळाच प्रोग्राम आहे असे धरून त्याच्यावर स्वतंत्रपणे एलडीडी चालवावे, त्याच्या गरजा लिबमध्ये भराव्यात आणि मगच पुढे जावे.

सर्वांत आधी प्लॅटफॉर्म्स या उपफोल्डरातील एक्ससीबी प्लग-इन लागते, कारण त्याच्याशिवाय खिडकीच उघडत नाही. त्याला क्यूटी-एक्ससीबी-क्यूपीए आणि क्यूटी-डीबस या दोन लायब्ररी लागतात, ज्या 'पट्टी'च्या स्वतःच्या यादीत नसतात. 'एक्ससीबी प्लग-इन सापडले पण लोड करता आले नाही' असा संदेश आला तर बहुतेक वेळा प्लग-इन जागेवरच असते, त्याची एखादी लायब्ररी नसते. क्यूटी ६.५ पासून एक्ससीबी-कर्सर ही आणखी एक लायब्ररी लागते आणि ती अनेक मशीनवर आधीपासून नसते.

बाकीची प्लग-इन नसली तर प्रोग्राम सुरू होतो, आणि म्हणूनच ती अधिक त्रासदायक ठरतात. इमेजफॉरमॅट्समधील जेपेग प्लग-इन नसेल तर दुकानाचा लोगो न सांगता नाहीसा होतो. प्रिंटसपोर्टमधील कप्स या छपाई सेवेचे प्लग-इन नसेल तर छपाईच्या खिडकीत फक्त पीडीएफ दिसते आणि प्रिंटर बिघडला असे समजून कोणीतरी केबल बदलत बसतो. एसक्यूएलड्रायव्हर्समधून फक्त लागणारा ड्रायव्हर घ्यावा. 'पट्टी'ला एसक्यूलाइट पुरते, तिथे मायएसक्यूएलचा ड्रायव्हर विनाकारण दिला तर त्याच्यामागे त्याची क्लायंट लायब्ररीही ओढली जाते.

मराठी टायपिंगसाठी प्लॅटफॉर्म-इनपुट-कॉन्टेक्स्ट्स हा उपफोल्डर विसरू नये. इनस्क्रिप्ट कीबोर्ड लेआउट एक्सकेबी या प्रणालीच्या कीबोर्ड व्यवस्थेमधून येत असेल तर तो याच्याविनाही चालतो. पण इंग्रजी अक्षरे दाबून मराठी उमटवणारी पद्धत आयबस ही टायपिंगची सेवा वापरत असेल, तर आयबसचे प्लग-इन नसताना बाकी सगळ्या प्रोग्रामांत मराठी उमटते आणि आपल्याच प्रोग्राममध्ये उमटत नाही. शेतकऱ्याचे नाव मराठीत टाकायचे असेल तर ही उणीव पहिल्याच दिवशी बोचते. देवनागरी फॉन्टही सोबत द्यावा, लोहित देवनागरी किंवा नोटो सॅन्स देवनागरी चालेल, आणि तो प्रोग्राममधूनच क्यूफॉन्टडेटाबेसच्या अ‍ॅड-अ‍ॅप्लिकेशन-फॉन्ट या हाकेने भरावा.

सुरक्षित जोडणीचा प्रश्न याहून निराळा आहे. क्यूटी ५ ओपनएसएसएल या सुरक्षित जोडणीच्या लायब्ररीलाही डीएलओपननेच उघडते. उबुंटू २०.०४ वर बिल्ड केलेले क्यूटी ओपनएसएसएल १.१ शोधते आणि २२.०४ मध्ये फक्त ओपनएसएसएल ३ आहे, त्यामुळे प्रोग्राम व्यवस्थित उघडतो पण एचटीटीपीएसची प्रत्येक विनंती अपयशी ठरते. लिबएसएसएल आणि लिबक्रिप्टो या दोन्ही १.१ च्या प्रती लिबमध्ये ठेवल्यास क्यूटी-कोरच्या रनपाथमुळे त्या सापडतात, कारण डीएलओपनच्या वेळी हाक मारणाऱ्या लायब्ररीचा रनपाथ पाहिला जातो. तरीही हा तात्पुरता उपाय आहे. ओपनएसएसएल १.१.१ चा अधिकृत आधार सप्टेंबर २०२३ मध्ये संपला असून सोबत दिलेल्या लायब्ररीतील सुरक्षा-दुरुस्तीची जबाबदारी आता वितरणाची नसून आपली असते. क्यूटी ६ मध्ये यासाठी टीएलएस नावाचा वेगळा प्लग-इन उपफोल्डर असतो, तोही द्यावा लागतो.

प्लग-इन कुठे आहेत हे क्यूटीला सांगण्यासाठी 'बिन'मध्ये प्रोग्रामशेजारी 'क्यूटी डॉट कॉन्फ' ही छोटी मजकूर फाइल ठेवावी. तिच्यात चौकटी कंसात 'पाथ्स' असे शीर्षक, पुढच्या ओळीत 'प्रीफिक्स' म्हणून एक पायरी वर, आणि त्यापुढच्या ओळीत 'प्लगइन्स' म्हणून त्या उपफोल्डराचे नाव, एवढेच असते. ती नसेल तर क्यूटी स्वतःच्या बिल्डच्या वेळची जागा शोधते. वितरणाच्या क्यूटीची प्रत घेतली असेल, तर ती जागा ग्राहकाच्या मशीनवर प्रणालीच्या वेगळ्या आवृत्तीच्या क्यूटीची असू शकते. मग आपली लायब्ररी आणि परक्या आवृत्तीचे प्लग-इन एकत्र येतात आणि 'विसंगत क्यूटी लायब्ररी एकत्र करता येत नाहीत' अशा अर्थाच्या संदेशासह प्रोग्राम थांबतो. क्यूटी_प्लगइन_पाथ हा व्हेरिएबल कोणीतरी प्रणालीभर लावून ठेवला असेल तरी तेच होते. म्हणून सुरू करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये तो 'अनसेट' करणे योग्य.

काट्यांची आपली प्लग-इन

आपली स्वतःची प्लग-इन 'प्लगइन्स'खाली 'काटा' या उपफोल्डरात ठेवावीत. ती बनवताना तीन पथ्ये पाळली तर पुढचा बराच त्रास वाचतो. एक, इंटरफेस आणि सामायिक कोड 'लिबकाटा' नावाच्या वेगळ्या लायब्ररीत ठेवून प्रोग्राम आणि प्लग-इन या दोघांनीही तिला लिंक करावे. प्लग-इनने प्रोग्रामच्या फाइलीतील सिम्बॉल्सवर (फंक्शन वगैरेंच्या नावांवर) अवलंबून राहू नये. दोन, प्लग-इन लिंक करताना लिंकरला 'झेड डेफ्स' हा पर्याय द्यावा, म्हणजे न सापडलेला सिम्बॉल बिल्डच्या वेळीच कळतो. हा पर्याय नसेल तर ते प्लग-इन शांतपणे बनते आणि पहिले पोते काट्यावर चढल्यावर प्रोग्राम कोसळतो. तीन, क्यूप्लगइनलोडरने लोड करण्यात अपयश आले तर त्याचा एररस्ट्रिंग संदेश जसाच्या तसा लॉगमध्ये लिहावा. 'काटा जोडता आला नाही' एवढेच लिहिणारा प्रोग्राम दूरवरून दुरुस्त करता येत नाही.

दोन कंपन्यांच्या काट्यांच्या लायब्ररींसोबत कधी कधी एकाच नावाची तिसरी लायब्ररी वेगवेगळ्या प्रतींत येते, बहुधा लिबयूएसबी. लोडर एकाच प्रोसेसमध्ये एका एसओनेमची (लायब्ररी ज्या छोट्या नावाने शोधली जाते त्या नावाची) एकच प्रत ठेवतो. जी आधी आली ती टिकते, दुसऱ्या प्लग-इनला तिच्यावरच भागवावे लागते. अशा वेळी दोन्हींपैकी नवी प्रत लिबमध्ये ठेवून जुनी काढून टाकावी आणि दोन्ही काटे पुन्हा तपासावेत.

काटा सिरियल पोर्टवर असेल तर लायब्ररींशी संबंध नसलेली एक अडचणही येथे सांगणे भाग आहे. उबुंटू आणि डेबियनमध्ये वापरकर्ता 'डायलआउट' गटात असावा लागतो आणि गटात घातल्यावर लॉगआउट करून परत यावे लागते. शिवाय उबुंटू २२.०४ मध्ये अंधांसाठीच्या ब्रेल उपकरणांची बीआरएलटीटीवाय ही सेवा सीएच३४० चिपच्या स्वस्त यूएसबी-सिरियल केबलला स्वतःचे उपकरण समजून बळकावते आणि पोर्ट दिसेनासा होतो. ब्रेल उपकरण वापरात नसेल तर ते पॅकेज काढावे. बाजारातील बऱ्याच केबली याच चिपच्या असल्याने दोष प्लग-इनवर ढकलण्याआधी हे तपासावे.

तपासणी

विकासाच्या मशीनवर सगळे चालणारच, कारण तिथे सगळेच आहे. म्हणून जिथे क्यूटी कधीच बसवलेले नाही अशा स्वच्छ व्हर्च्युअल मशीनवर, शक्यतो २०.०४, २४.०४ आणि डेबियन या तिन्हींवर, फोल्डर उतरवून पाहावा आणि छपाई, मराठी टायपिंग, लोगो व काटा हे चारही प्रत्यक्ष करून पाहावेत. नुसती खिडकी उघडली म्हणजे तपासणी झाली असे नव्हे.

प्रोग्राम चालू असताना 'प्रॉक' खाली त्याच्या प्रोसेस क्रमांकाच्या फोल्डरात 'मॅप्स' नावाची फाइल असते. तिच्यात त्या क्षणी लोड झालेली प्रत्येक लायब्ररी पूर्ण मार्गासह दिसते. त्यात क्यूटीची एकही ओळ यूएसआर-लिबमधून आलेली दिसली, तर सोबतची प्रत वापरली जात नाही आणि ग्राहकाकडे फजिती ठरलेली आहे. काहीच सुरू होत नसेल तर एलडी_डीबग ला 'लिब्स' हे मूल्य देऊन चालवावे, म्हणजे लोडर कुठे कुठे शोधतो ते ओळीने छापले जाते. प्लग-इनसाठी क्यूटी_डीबग_प्लगइन्स ला १ द्यावे. या दोन व्हेरिएबलांनी जे कळत नाही असे या विषयात फार थोडे आहे.

पेन ड्राइव्हवरून नेताना

फोल्डर पेन ड्राइव्हवर तसाच ओढून टाकू नये. पेन ड्राइव्ह बहुधा फॅट३२ असतो, त्यावर सिमलिंक राहत नाहीत आणि फाइल चालवण्याची परवानगीही टिकत नाही. सगळ्याची एकच टार फाइल करून न्यावी आणि ती दुकानाच्या संगणकावर होम फोल्डरमध्ये उलगडावी. पेन ड्राइव्हवरूनच प्रोग्राम चालवू देऊ नये. मेनूमध्ये दिसण्यासाठी 'डेस्कटॉप' प्रत्यय असलेली फाइल वापरकर्त्याच्या लोकल-शेअर-अ‍ॅप्लिकेशन्स या फोल्डरात ठेवावी आणि तिच्यात प्रोग्रामचा पूर्ण मार्ग लिहावा.

अ‍ॅपइमेज केल्यास हाच फोल्डर एका फाइलीत बंद होतो आणि लिनक्सडिप्लॉयसारखी साधने वरील पायऱ्यांपैकी बऱ्याच आपोआप करतात. मात्र आपली काटा प्लग-इन त्यांना स्वतःहून कळत नाहीत, ती हाताने सांगावी लागतात. शिवाय जुन्या रनटाइमच्या अ‍ॅपइमेजला फ्यूज २ (फाइलीतला फोल्डर ड्राइव्हसारखा जोडणारी लायब्ररी) लागते, जे २२.०४ पासून आधीपासून बसवलेले नसते. तिथे 'अ‍ॅपइमेज-एक्स्ट्रॅक्ट-अँड-रन' हा पर्याय देऊन चालवता येते. फ्लॅटपॅक ही प्रोग्राम वाटण्याची दुसरी पद्धत चांगली आहे, पण पहिल्या वेळी मोठा रनटाइम उतरवावा लागतो आणि हॉटस्पॉटवर ते परवडत नाही.

क्यूटी एलजीपीएल या मुक्त परवान्याखाली वापरत असल्यास परवान्याचा मजकूर फोल्डरात द्यावा, क्यूटी वापरल्याचे सांगावे, त्याचा सोर्स मिळण्याची सोय करावी आणि वापरकर्त्याला क्यूटीची लायब्ररी बदलता येईल असे ठेवावे. लिब वेगळा असल्याने शेवटची अट आपोआप पूर्ण होते.

नवी आवृत्ती देताना एखादी फाइल बदलून भागवू नये, कारण नव्या क्यूटीवर बनलेले प्लग-इन जुन्या क्यूटीच्या प्रोग्राममध्ये लोड होत नाही आणि काढून टाकलेले जुने प्लग-इन फोल्डरात तसेच राहिले तर प्रोग्राम तेही उचलतो. आवृत्तीच्या क्रमांकाचा नवा फोल्डर शेजारी उलगडावा, 'चालू' नावाची सिमलिंक त्याच्याकडे वळवावी आणि मेनूतील मार्ग कायम त्या सिमलिंकमधूनच जाऊ द्यावा. दुकानाचा डेटाबेस या फोल्डरांच्या बाहेर असावा. नव्या आवृत्तीवर लिलावाचा एक पूर्ण दिवस नीट पार पडला की जुना फोल्डर काढून टाकावा.